आवारातील पाणी आवारातच जिरवू या

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजाच्या विहारांची, सभागृहांची, वसतिगृहांची व अभ्यासिकांची आवारे नीटनेटकी झाली आहेत. पूर्वी तेथे माती होती. पावसाळ्यात चिखल होई, लहान मुले घसरत, म्हाताऱ्या माणसांना चालणे कठीण जाई. म्हणून सभासदांनी वर्गणी काढून कोबा केला, फरशा बसविल्या, कुंपणाची भिंत बांधली. चिखल गेला, ही मोठीच सोय झाली. परंतु त्याबरोबर एक नवी अडचण दारात येऊन उभी राहिली. पाऊस जोराने कोसळला की आवारातील सारे पाणी फाटकातून रस्त्यावर धावते आणि उताराच्या खालच्या अंगाला असलेल्या घरांत शिरते. काही ठिकाणी याच्या उलट घडते. वरच्या सोसायट्यांचे पाणी आपल्या बालवाडीत व वाचनालयात शिरते.

ही अडचण कशी निर्माण होते आणि माती, खडी, गवत व झाडे यांच्या साह्याने ती कशी कमी करता येते, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत. या पद्धतीला अलीकडे ‘हरित पायाभूत रचना’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव मोठे असले तरी तत्त्व साधे आहे. पाऊस जेथे पडतो तेथेच त्याला थोडा वेळ थांबवावयाचे, जिरेल तेवढा जिरवावयाचा आणि उरलेला सावकाश पुढे सोडावयाचा.

थोडा हिशेब

विद्यार्थी मित्रांनी एक आकडा पाठच करून ठेवावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. आता सुमारे अर्धा एकर, म्हणजे २,००० चौरस मीटरचे एक आवार कल्पनेत घेऊ. त्यात ५०० चौरस मीटर छप्पर, १,१०० चौरस मीटर कोबा व फरशी आणि ४०० चौरस मीटर उघडी माती आहे. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर छप्पर व कोबा मिळून ८०,००० लिटर पाणी तयार होते. दहा हजार लिटरचे आठ टँकर एका तासात फाटकाबाहेर रिकामे करावे, तसाच हा प्रकार होय. मातीत पाणी मुरते, झाडाच्या पानांवर व फांद्यांवर थोडे अडकते. कोब्यावरून मात्र ते जवळजवळ सारे निघून जाते, आणि तेही एकदम.

‘एकदम’ हाच येथे कळीचा शब्द आहे. गटार एका वेळी ठराविकच पाणी वाहून नेऊ शकते. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेली होती. १९९३ सालच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात ती क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी असे सुचविले गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबईकरांनी जे भोगले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच दिवशी कुलाब्याला मात्र शंभर मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. असा प्रलय कोणतीही बाग अडवू शकत नाही. आपल्या कल्पनेतील अर्ध्या एकरावर त्या दिवशी जवळजवळ १९ लाख लिटर पाणी पडले असते. परंतु वस्तीत पाणी शिरते ते केवळ अशा दिवशी नव्हे. दर पावसाळ्यात चार-सहा वेळा तासाभराची जोरदार सर येते, गटार तुंबते आणि चूल विझते. या नेहमीच्या त्रासावर हा उपाय आहे.

विचार नवा नाही

पाणी अडविण्याचा विचार आपल्याला परका नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या लेण्यांना आपण सहलीने जातो. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि अनेक लेण्यांच्या दाराशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी खोदलेल्या पन्हळींतून त्या टाक्यांत उतरविलेले आहे. तेथील ब्राह्मी शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले असून, उपासकांनी ती दान दिल्याच्या नोंदी आहेत. भिक्खुसंघाच्या निवासस्थानी पावसाचे पाणी जागच्या जागी धरून ठेवण्याची ही व्यवस्था सुमारे दोन हजार वर्षांची आहे.

आधुनिक काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला आणि त्यानंतर दामोदर खोरे योजनेच्या आखणीत बाबासाहेबांनी प्रमुख भाग घेतला. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी भरलेल्या परिषदेत त्यांनी मांडलेला विचार आजही लक्षात घेण्याजोगा आहे. जादा पाणी हे संकट मानून ते कसेबसे समुद्राकडे घालवावे ही दृष्टी चुकीची असून, पाणी ही संपत्ती आहे व ती साठवून तिचा लोकांसाठी उपयोग केला पाहिजे, असा त्याचा आशय होता. ते नद्यांविषयी बोलत होते. आपल्याला तोच विचार अर्ध्या एकरात उतरवावयाचा आहे.

अन्यत्र काय घडले

स्वीडनच्या दक्षिण टोकाला माल्मो नावाचे शहर आहे. तेथे १९४८ ते १९५२ या काळात ऑगस्टेनबर्ग ही भाड्याच्या घरांची वसाहत बांधण्यात आली. पावसाचे पाणी व सांडपाणी एकाच वाहिनीतून जात असल्याने जोराचा पाऊस झाला की तळघरांत घाण पाणी भरे. १९९८ पासून तेथे नगरपालिका, गृहनिर्माण कंपनी व रहिवासी यांनी मिळून पावसाचे पाणी सांडपाण्याच्या वाहिनीपासून वेगळे केले आणि ते उघड्या चरांतून व लहान तळ्यांतून फिरविले. नगरपालिकेच्या सेवा विभागाच्या जुन्या इमारतींच्या छपरांवर सुमारे ९,५०० चौरस मीटर हिरवळ वाढविण्यात आली. ही छपरावरची बाग २००१ साली लोकांसाठी खुली झाली. ३१ ऑगस्ट २०१४ रोजी माल्मोत अतिवृष्टी झाली, तेव्हा आसपासच्या वस्त्यांच्या मानाने ऑगस्टेनबर्गचे नुकसान पुष्कळच कमी झाले.

माल्मोचा पाऊस आपल्या पावसापुढे किरकोळ आहे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. म्हणून आपल्यासारखाच मोसमी पाऊस झेलणाऱ्या बँकॉकचे उदाहरण पाहू. तेथील चुलालाँगकॉर्न विद्यापीठाने आपल्या शताब्दीनिमित्त २०१७ साली ११ एकरांचे उद्यान खुले केले. सारे उद्यान एका बाजूला किंचित उतरते ठेवलेले आहे. वरच्या टोकाला हिरवे छप्पर, कडेने पाणवनस्पतींची खाचरे आणि खालच्या टोकाला तळे आहे. या सर्वांत मिळून सुमारे ३८ लाख लिटर पाणी मावते. तळ्याच्या काठी जागीच उभ्या असलेल्या सायकली आहेत. लोक पायडल मारतात आणि पाणी ढवळले जाते.

आपल्या आवारात काय करता येईल

एवढी जागा वा एवढा पैसा आपल्याजवळ नाही. तरीही पुढील गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत.

१. पावसाची बाग. आवाराच्या सखल भागात सुमारे अर्धा फूट (१५ सेंटिमीटर) खोल, पसरट खळगा करावा. त्यात माती, वाळू व कुजलेले खत मिसळून भरावे आणि कर्दळ, वाळा, लव्हाळा यांसारखी ओल व कोरड दोन्ही सोसणारी झाडे लावावीत. १०० चौरस मीटरच्या अशा बागेत १५,००० लिटर पाणी थांबते. ती इमारतीच्या पायापासून निदान दहा फूट दूर असावी. डासांची भीती अनेकांना वाटेल. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास आपल्या हवामानात साधारण सात ते दहा दिवस लागतात. खळग्यातील पाणी एक-दोन दिवसांत जिरले तर डास होत नाहीत. जिरत नसेल तर मात्र बाग चुकीच्या जागी आहे असे समजावे.

२. पाझरणारी फरसबंदी. कोब्याऐवजी फटी ठेवून ब्लॉक बसवावेत व त्याखाली माती न मिसळलेल्या खडीचा २० सेंटिमीटरचा थर द्यावा. खडीच्या दगडांमधील पोकळी सुमारे ४० टक्के असते, म्हणून प्रत्येक चौरस मीटरखाली ८० लिटर पाणी मावते. ५०० चौरस मीटरला हा हिशेब ४०,००० लिटरचा होतो. फटींत गाळ बसला की काम थांबते, यासाठी वर्षातून दोनदा तरी त्या साफ कराव्यात.

३. गवताचे चर. सिमेंटच्या गटाराऐवजी उथळ, रुंद व गवत वाढलेला चर ठेवल्यास पाण्याचा वेग कमी होतो व गाळ तेथेच बसतो.

४. छपराचे पाणी. पन्हळीचा पाइप सरळ रस्त्यावर न सोडता टाकीकडे व टाकी भरल्यावर बागेकडे वळवावा. दहा हजार लिटरची टाकी संडास धुण्यास व झाडांना उपयोगी पडते. छपरावर हिरवळ करण्याची हौस मात्र स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नये. चार इंच जाडीची साधी माती भिजली म्हणजे एका चौरस मीटरवर सुमारे दोनशे किलो भार येतो. जुन्या स्लॅबला तो पेलेलच असे नाही.

५. आहेत ती झाडे. बुंध्यापर्यंत कोबा केलेले झाड पाणी पिऊ शकत नाही व पुढे वादळात पडते. प्रत्येक झाडाभोवती निदान तीन फूट माती मोकळी ठेवावी.

बाग, फरसबंदी व टाकी मिळून ६५,००० लिटर झाले. म्हणजे ८०,००० लिटरपैकी १५,००० लिटरच लगेच बाहेर जाईल. आठ टँकरांच्या जागी दीड टँकर, असा हा फरक आहे.

मातीचा स्वभाव ओळखावा

एक उपाय सर्व ठिकाणी लागू पडत नाही. कोकणातील जांभ्या जमिनीत पाणी लवकर मुरते. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती भिजल्यावर फुगते व पाणी फार सावकाश जिरविते. तेथे इमारतीजवळ पाणी मुरविणे धोक्याचे आहे. मुंबईच्या भराव घातलेल्या भागांत पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी वरच असते, तेथे टाकी व खडीचा थर यांवर भर द्यावा. परीक्षा सोपी आहे. एक फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे, पुन्हा भरावा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजावे. अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरली तर बागेखाली छिद्रांचा पाइप टाकून जादा पाणी हळूहळू गटारात सोडण्याची सोय करावी.

कोणासाठी हे करावयाचे

पाणी उताराकडे धावते आणि शहरातील उताराची, नाल्याकाठची जागा बहुधा गरिबांच्याच वाट्याला आलेली असते. आपण आवार कोरडे ठेवण्यासाठी जे पाणी बाहेर ढकलतो, ते कष्टकरी माणसाच्या घरात, त्याच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांवर जाऊन पडते. समाजसेवेसाठी उभारलेल्या संस्थेने निदान एवढा विचार केलाच पाहिजे. दुसरे असे की, पूर आला म्हणजे वस्तीतील माणसे आसऱ्याला आपल्याच सभागृहात येतात. ते सभागृहच पाण्यात असेल, तर त्यांनी कोठे जावे?

या कामाला मोठा निधी लागतो असे नाही, परंतु सातत्य लागते. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी चर व पन्हळी साफ करणे, बागेतील गाळ काढणे, फटी झाडून घेणे ही कामे सभासदांनी वाटून घ्यावीत. विद्यार्थ्यांनी सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी त्यातील पाणी पट्टीने मोजावे व वहीत लिहावे. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. आणि येत्या पावसाळ्यातील पहिल्या मोठ्या सरीत कार्यकारिणीच्या दोघा-तिघांनी छत्री घेऊन आवारात फिरावे, पाणी कोठून येते, कोठे साचते व कोणाच्या दाराकडे जाते याचा कागदावर नकाशा काढावा. तो नकाशा पुढच्या सभेत मांडला गेला, तर हा लेख लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.