माशांचे जंतुरोग व माशाच्या अंगचें औषध

पावसाळा सरतांना शेततळ्यांतील रोहू-मृगळ यांच्या अंगावर तांबडे चट्टे पडतात, खवले उभे राहतात, पोट फुगतें आणि चार-आठ दिवसांत मासे तरंगूं लागतात, हा अनुभव आमच्या पुष्कळ सभासद बंधूंस असेल. याच्या मुळाशीं बहुधा एरोमोनास जातीचे जंतु असतात. ते पाण्यांत सदाच असतात; मासा अशक्त झाला कीं उचल खातात. अशा वेळीं दुकानांतून प्रतिजैविक आणून खाद्यांत कालविण्याची घाई होते. आमच्या शेजारच्या एका बागाइतदारांनीं तेंच केलें. पैसेही गेले व मासेही गेले. त्याहून वाईट हें कीं, अर्धवट मात्रेंतून वांचलेले जंतु त्या औषधास जुमानीनासे होतात व तो गुण माणसाच्या रोगजंतूंसही देऊं शकतात. याच भयास्तव कोलिस्टिन हें औषध आपल्या सरकारनें २०१९ सालीं जनावरें, कोंबड्या व मत्स्यशेती यांस बंद केलें.

आतां नवल असें कीं, मासा ज्या बुळबुळीमुळें हातांतून निसटतो, तिच्यांतच जंतुनाशक द्रव्यें असतात. १९९७ सालीं अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एका चपट्या माशाच्या बुळबुळींतून प्ल्युरोसिडिन नांवाचें असें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. २५ अमिनो आम्लांची ही लहानशी माळ. अशा माळेस पेप्टाइड म्हणतात. तिजवर धन विद्युत्, जंतूच्या आवरणावर ऋण. ती त्यास चिकटते व आवरणास भोकें पाडते. मडकें फुटल्यावर पाणी कोठून राहणार! जंतूस आपलें आवरणच बदलणें कठीण, म्हणून यास दाद न देणें त्यास सोपें नाहीं. अशक्य मात्र नव्हे. कोलिस्टिन हेंही पेप्टाइडच आहे.

कॅनडांतील एका प्रयोगांत (२०००) सॅमन माशांच्या पोटांत बारीक पंप बसवून हें द्रव्य रोज दिलें व त्यांस व्हिब्रिओ जंतूंची बाधा केली. औषध मिळालेल्यांपैकीं शेंकडा ५ मेले, न मिळालेल्यांपैकीं ६७ ते ७५. परंतु पोटांत पंप बसवून रोहू वाढविणारा शेतकरी आम्हांस अद्याप भेटला नाहीं. खाद्यांतून द्यावें तर तें पोटांत अन्नासारखें पचून जातें, आणि तयार करण्यास खर्चही फार.

तोंवर जें औषध माशाच्या अंगावर फुकट आहे, तें तरी खरवडूं नये. बोटुकली हाताळतांना हात ओले असावेत, जाळें मऊ व बिनगांठीचें असावें, कोरड्या घमेल्यांत मासे ओतूं नयेत. दाटी करूं नये. मेलेला मासा नाल्यांत न फेंकतां तळ्यापासून दूर चुना घालून पुरावा.