एकादशीचा उपवास आणि हृदयाची तपासणी

आषाढी एकादशीस चातुर्मासाचा आरंभ होतो आणि घरोघरी व्रतनियमांचे संकल्प सोडले जातात. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वास’ म्हणजे राहणे. भगवंताच्या सन्निध राहणे हाच उपवासाचा मूळ अर्थ होय. परंतु अलीकडे आपल्या घरांत दुसराही एक उपवास शिरला आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, म्हणजे अँजिओग्राफी, करावयाची असली की डॉक्टर ‘उपाशीपोटी या’ असे बजावतात. कीर्तन आटोपल्यावर आम्हांस अनेकदा विचारणा होते, ‘बुवा, एकादशी आहेच; मग निराळे उपाशी कशाला राहायचे?’ या दोन उपवासांची सरमिसळ जिवाशी गाठ घालणारी आहे, म्हणून आजच्या पुण्यदिनी हा विषय मांडीत आहोत.

या तपासणीत मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून कॅथेटर नावाची बारीक, लवचिक नळी हृदयापर्यंत नेतात आणि तिच्यातून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडतात. 1929 साली जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने अशी नळी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयात नेली. पुढे 1956 साली तो नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी ठरला. तपासणीच्या वेळी रुग्ण बहुधा जागा असतो, तरी पुष्कळदा थोडे गुंगीचे औषध देतात. गुंगीत घशाची राखण सैल पडते. अशा वेळी उलटी झाली, तर पोटातील अन्न श्वासनलिकेत उतरून फुप्फुसांस इजा होऊ शकते. अकस्मात पूर्ण भूल देण्याची पाळी आली, तर हे भय अधिकच. पोट रिकामे हवे ते याकरिता.

घोटाळा होतो तो फराळामुळे. भूलतज्ज्ञांच्या रूढ नियमाप्रमाणे हलके अन्न सहा तास आधी, तळलेले वा स्निग्ध अन्न आठ तास किंवा त्याहूनही आधी थांबवावयाचे असते. दुधाची गणना अन्नातच होते. साधे पाणी मात्र बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते. जेवण आणि फराळ हा भेद शास्त्राने केला, जठराला तो ठाऊक नाही! साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस हे सारे व्रताला चालते, रिकाम्या पोटाला नव्हे. परिचारिकेने ‘काही खाल्ले का?’ असे विचारता ‘नाही, उपवास आहे’ हे उत्तर असत्य नसले तरी अपुरे आहे. काय खाल्ले व किती वाजता, हे स्पष्ट सांगावे.

उलटपक्षी, निर्जळी करून दुसऱ्या दिवशी तपासणीस जाणेही बरे नव्हे. ते द्रव्य मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. शरीर कोरडे असेल तर त्यांच्यावर भार येतो. मधुमेही माणसाने नेहमीचे इन्शुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकाएकी उतरते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वा रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. कोणती घोटभर पाण्याबरोबर घ्यावयाची व कोणती थांबवावयाची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

वैद्यकही स्थिर राहिलेले नाही. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील 716 रुग्णांच्या अभ्यासात, अशा तपासणीपूर्वी उपाशी न ठेवलेल्या रुग्णांस अधिक अपाय झाल्याचे दिसले नाही. म्हणून काही ठिकाणी नियम सैल असू शकतील. शेजाऱ्याचा अनुभव प्रमाण मानू नये. आपल्या रुग्णालयाने आपल्याला सांगितलेली वेळ हीच प्रमाण.

आता व्रतभंगाची शंका. महाभारताच्या उद्योगपर्वात व्रताला बाधा न आणणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. आरंभी पाणी आणि शेवटी औषध! ज्याला शक्ती नाही त्याचे व्रत पुत्राने, पत्नीने वा बंधूने प्रतिनिधी म्हणून करावे, अशीही सोय धर्मशास्त्राने ठेवली आहे. व्रताला प्रतिनिधी चालतो. तपासणीला चालत नाही.

यास्तव डॉक्टरांनी दिलेली तारीख तिथीसाठी पुढे ढकलू नये. एकादशी दर पंधरवड्यास येते. छातीतील कळ पंचांग पाहून येत नाही. घरातील वडीलधाऱ्यांस तपासणीस न्यावयाचे असेल, तर मुलासुनांनी आदल्या दिवशी हा विषय त्यांच्याशी आदराने बोलावा आणि त्यांच्या वाटची एकादशी आपण धरावी. रुग्णाने मुखी नाम घेत तपासणीस जावे. भगवंताच्या जवळ राहण्यास रुग्णालयाची खाट आड येत नाही.