‘श्रिल’, भडक आणि गोंधळ

जर्मन भाषेतले ‘श्रिल’ हे विशेषण मुळात कानाचे: चिरका, टोचणारा आवाज. पुढे ते डोळ्यांचेही झाले: मुद्दाम नजरेत भरणारा, भडक पेहराव. इंग्रजी अनुवादकाला मात्र निवड करावी लागते. आवाजाला इंग्रजीतलेही ‘श्रिल’ चालते. कपड्यांना ‘गॅरिश’ किंवा ‘फ्लॅम्बॉयंट’ लागते. ‘गॅरिश’मध्ये नापसंती असते, ‘फ्लॅम्बॉयंट’मध्ये थोडे कौतुकही. म्हणजे शब्द निवडताना निवाडाही होऊन जातो.

मराठीत कानाला ‘कर्कश’, डोळ्याला ‘भडक’ अशी वाटणी आहे. पण धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरच्या भवानीचे गोंधळी आठवा. संबळ, तुणतुणे, पेटती दिवटी, कवड्यांच्या माळा, घोळदार झगा: इथे नाद आणि रूप वेगळे काढता येत नाहीत. अनेक घरांत लग्नानंतर गोंधळ घालणे हा कुलाचार आहे. तरी रोजच्या बोलण्यात ‘गोंधळ’ म्हणजे अव्यवस्था आणि ‘तेच तुणतुणे’ म्हणजे रटाळ पुनरुक्ती. त्यामुळे या विधीच्या वर्णनात ‘कर्कश’ किंवा ‘भडक’ लिहिणाऱ्याने आधी ठरवावे, आपण देवीपुढे बसून ऐकतो आहोत की रस्त्यावरून जाता जाता. ‘श्रिल’च्या अनुवादकापुढेही हाच प्रश्न असतो, कोश त्याला दोन्ही अर्थ देतो, जागा त्याची त्यानेच ठरवायची.