खुडूक कोंबडी आणि ससाण्याचं ताट

गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारचं कुक्कुट विकास केंद्र आहे. अशा केंद्रांत अंडी उबवतं ते यंत्र: तापमान ठरलेलं, दमटपणा ठरलेला, अंडी ठरल्या वेळी आपोआप कलती होतात. त्याच वसाहतीत वारली आदिवासींचे पाडे आहेत आणि तिथे हेच काम खुडूक कोंबडी करते. मला सांगायचं आहे ते या दुसऱ्या उबवणीबद्दल, कारण जायबंदी झालेल्या शिकारी पक्ष्याच्या पोटाशी तिचा फार जवळचा संबंध जुळू शकतो.

गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि एक दिवस खुराड्यातून उठायचंच नाव घेत नाही. हात जवळ नेला की पिसं फुलवते, घशातल्या घशात गुरगुरते, तरीही मागे हटला नाहीत तर चोच मारते. दिवसातून एखाद वेळ उठते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत लोळते आणि पुन्हा जाऊन बसते. तिच्या पोटाखाली हात घालून पाहावा. तिथली पिसं झडलेली असतात आणि उघडी, तापलेली कातडी बोटांना लागते. ही कातडी थेट अंड्यांना टेकते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी घालणं थांबतं आणि बसणं सुरू होतं. अंडी ती चोचीने आणि पायांनी हलवत राहते, कडेची आत घेते, आतली कडेला सारते.

अंड्यांचा धंदा करणाऱ्याला हा खुडूकपणा परवडत नाही, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. म्हणून निवड करकरून तो घालवण्यात आला. पांढरी लेगहॉर्न क्वचितच बसते. बाजारात बटेर म्हणून मिळणाऱ्या जपानी लाव्ह्याचंही तेच झालं. 1974 साली हा पक्षी कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला गेला. सहा-सात आठवड्यांत तो अंड्यावर येतो, वर्षाला अडीचशेच्या आसपास अंडी देतो, पण त्यांवर बसणं तो जवळजवळ विसरला आहे. बटेराचं पिल्लू हवं तर एक यंत्र तरी हवं, नाहीतर दुसऱ्या जातीची आई.

ही आई निवडण्यात कसब आहे. बटेराचं अंडं जेमतेम दहा ग्रॅमचं, कवच पातळ. अंगाने जड कोंबडी ते पायाखाली सहज फोडते. म्हणून चणीने लहान, हलकी, आधी एकदोनदा पिल्लं काढलेली कोंबडी घ्यावी. टोपलीत भाताचा पेंढा घालायचा आणि उवा होऊ नयेत म्हणून जवळ राख ठेवायची. पहिले दोन दिवस खोटी अंडी द्यायची. ती पक्की बसली याची खात्री झाली की रात्री, अंधारात, खोटी काढून खरी सरकवायची. स्वतःची दहा-बारा अंडी झाकणारी कोंबडी बटेराची अठरा-वीस झाकते. तिच्या अंड्यांना एकवीस दिवस लागतात, यांना सतरा-अठरा. या तीन-चार दिवसांच्या फरकाने काही बिघडत नाही, कारण कवचाआडून चिवचिव ऐकू आली की ती आपोआप पिल्लांच्या आईसारखी वागू लागते.

खरी कसोटी पुढे असते. पिल्लू सहा-आठ ग्रॅमचं, टोपलीच्या फटीतून निसटणारं, पाण्याच्या उथळ ताटलीतही बुडून मरणारं. ताटलीत खडे टाकावे लागतात, जाळी बारीक लागते, तळाला गुळगुळीत कागदाऐवजी गोणपाट लागतं, नाहीतर पिल्लांचे पाय फाकतात. कोंबडी दाणे शोधायला माती उकरते तेव्हा पिल्लं उडून पडतात, म्हणून दाणा मोकळ्या मातीत न टाकता भांड्यात द्यावा. कोंबड्यांचे आतड्याचे रोग बटेरांना फार लवकर लागतात, तेव्हा बाकीच्या कळपापासून ही टोपली लांबच बरी. आरेत आणखी एक काळजी असते: मुंगूस, साप आणि बिबट्या. रात्री खुराडं भक्कम बंद हवं.

आता हे सारं शिकारी पक्ष्यासाठी कशाला? बाज, बहिरी आणि शिकरा पाळून शिकार करण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. स्वराज्याच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना होता आणि साताऱ्याच्या शाहू महाराजांना शिकारी पक्ष्यांचा मोठा नाद होता. तेव्हा शिकऱ्याला रानातल्या लाव्ह्यावर सोडत. आज जगात जिथे ही कला जिवंत आहे, तिथे पाळीव लाव्हा ससाण्याच्या ताटात येतो. 2010 साली युनेस्कोने ती मानवी वारशाच्या यादीत घेतली. भारतात मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे पक्षी पाळायला मनाई आहे, आणि ती योग्य आहे. रानातून पिल्लं चोरल्याखेरीज ही हौस इथे भागली नसती.

तरी ताट मांडायची वेळ मुंबईच्या उपनगरांत येतेच. संक्रांतीच्या आसपास मांज्याने पंख कापलेल्या घारी, शिकरे, घुबडं पक्षी-रुग्णालयांत आणि बचाव केंद्रांत येतात. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली बंदी घातली, पण आकाशातून तो गेलेला नाही. असा पक्षी सापडला तर घरी ठेवू नये, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं. पुढे आठवडेच्या आठवडे त्याला खायला काय द्यायचं, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी शेवटी विचारला जातो. नुसतं हाडाविना मांस दिलं तर कॅल्शियम कमी पडतं आणि वाढत्या पिल्लाची हाडं वाकतात. त्याला अख्खा पक्षी हवा, हाडांसकट आणि पिसांसकट. पिसं आणि न पचलेले अंश गोळा होऊन तो ते ओकून टाकतो, त्यातून पोट साफ राहतं. मुंबईत कबुतरांची कमी नाही, पण त्यांच्या घशात असणारा परजीवी ससाण्याच्या तोंडात पांढरी गाठ उठवतो आणि ससाणा उपाशी मरतो. कुठूनही आणलेली कोंबडीसुद्धा भरवशाची नसते. 2006 साली नवापूरला आलेल्या बर्ड फ्लूने पक्षी कुठून आला हे विचारायला शिकवलं. आपल्या नजरेखाली वाढलेलं निरोगी बटेर म्हणूनच मोलाचं.

जी पिल्लं कोंबडीने पोटाखाली घेतली, तीच पुढे दुसऱ्याच्या चोचीत जायची, हे मला खुपतं, आणि खुपावं असंच मला वाटतं. पण घार काही भाकरीवर जगत नाही. तिला वाचवायचं ठरवलं की कुणाचा तरी जीव जाणारच. तो निदान आजाराविना वाढलेला आणि झटकन, वेदना न देता संपवलेला असावा.

हजारोंच्या संख्येत कोंबडी यंत्राला पुरी पडणार नाही, ते तिचं कामही नाही. एका बचाव केंद्रात दोन-चार मोठे शिकारी पक्षी असले तर मात्र दहा-बारा कोंबड्या पुरतात. वीज गेली तरी त्यांचं काम चालूच राहतं. पाड्यांवरच्या बायकांना या कामाचे पैसे मिळावेत, त्यांच्या कोंबड्या आणि त्यांची जाण यांना केंद्रांनी आपल्या कामात जागा द्यावी, असं मला मनापासून वाटतं. वनखात्याने आणि पशुवैद्यकांनी ही व्यवस्था मिळून बसवावी.

वेळेचं गणित सोपं आहे. बहिरी ससाण्याएवढ्या पक्ष्याला दिवसाला साधारण एक वाढलेलं बटेर लागतं, म्हणजे महिन्याला तीस. एका बैठकीतल्या अठरा अंड्यांतून बारा पिल्लं जगली तरी चांगलं, तेव्हा एका पक्ष्याच्या महिन्यासाठी तीन कोंबड्या धराव्यात. उबवणीचे अठरा दिवस, वाढीचे सहा आठवडे. संक्रांतीला साठा तयार हवा असेल तर अंडी नोव्हेंबरच्या मध्याला टोपलीत गेलेली हवीत. आणि त्याआधी महिनाभर कोणत्या घरची कोंबडी खुडूक व्हायच्या बेतात आहे, हे पाड्यांवर विचारत फिरायला हवं.