600 स्फोटांची नोंदवही
अंबड एमआयडीसीतून रात्रपाळी करून निघालं की दिव्यांच्या झगमगाटात धड चार तारेही दिसत नाहीत. गॅमा किरणांना मात्र या झगमगाटाची कसली आडकाठी! 6 ऑक्टोबर 2015ला ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरचा सीझेडटीआय हा डिटेक्टर सुरू झाला आणि त्याच दिवशी त्याने पहिला गॅमा किरण स्फोट पकडला. तोही समोरचा नाही, तिरका! 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे किरण या उपकरणाच्या भिंतीच भेदून आत येतात. डेटा तपासतात पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेत. डिटेक्टरचे चार भाग; एकातच किरणांचा आकडा उसळला तर बहुधा नॉइज, चारहीत एकदम उसळला तर कान टवकारायचे. मला आवडते ती पुढची करामत: पिक्सेलला धडकून फोटॉन शेजारच्या पिक्सेलमध्ये जातो, आणि अशा असंख्य उड्यांच्या दिशांवरून ध्रुवीकरण मोजतात. 600वा स्फोट नोव्हेंबर 2023मध्ये नोंदला गेला.