हँडलवरची शोभेची डबी
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, जिथे धातू कातण्याचा हुन्नर पिढीजात आहे, मोटारसायकलच्या ब्रेक-ऑइलची प्लॅस्टिकची डबी काढून ॲल्युमिनियमची रंगीत डबी बसवणे दुष्कर नाही. परंतु झाकणाखालची रबराची घडीदार पडदी, जी पॅड झिजून पातळी उतरताच खाली पसरते व दमट हवेस द्रवापासून दूर राखते, ती बिनचूक बसणे अगत्याचे. डॉट ४ प्रतीच्या या जलाकर्षक द्रवाचा उत्कलनबिंदू मानकानुसार कोरडा असता किमान २३० अंश सेल्सिअस. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि मग जोतिबाच्या उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ धरली, की लिव्हर दाबूनही ब्रेक लागेना! शिवाय सांडल्यास हाच द्रव टाकीचा रंग सोलतो. हौसेची ही थट्टाच. अशीच द्रवाची डबी क्लचसाठीही असते, मात्र मोजक्याच गाड्यांस. बहुतेकांचा क्लच तारेवरच चालतो.