किक ड्रमसमोरचा माईक

किक ड्रमच्या एका ठोक्यात दोन आवाज असतात. पेडलचा बीटर हेडवर आदळतो तेव्हाचा टोकदार ‘टक्’ साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये ऐकू येतो. पाठोपाठ येणारा ‘धम्म’ ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो. मधला ३०० ते ५०० हर्ट्झचा भाग रिकाम्या खोक्यावर थाप मारल्यासारखा वाजतो आणि तो बहुतेक वेळा नकोसा असतो. या तिन्हींचे प्रमाण माईकची निवड ठरवते, पण त्याहून जास्त माईकची जागा ठरवते.

ठोक्याचा दाब प्रचंड, शिवाय हवेचा झोत. म्हणून सहसा मोठ्या डायफ्रॅमचा डायनॅमिक माईक घेतात. एकेजी डी-११२, शुअर बीटा ५२ए, ऑडिक्स डी-६ हे याच कामासाठी बनलेले माईक खालचे आणि वरचे स्वर मुळातच उचलून देतात. रॉक आणि मेटलमध्ये त्याने काम सोपे होते. जॅझच्या छोट्या, मोकळ्या घुमणाऱ्या ड्रमवर मात्र ही सजावट खटकते. इलेक्ट्रो-व्हॉइस आरई-२० हा रेडिओ निवेदकांचा आवडता माईक इथे फार उपयोगी पडतो. जवळ नेल्यावर खालचे स्वर फुगण्याचा दोष त्यात अगदी कमी असल्याने जागा बदलली की खरोखर जागेचाच फरक ऐकू येतो.

पुढच्या हेडला भोक असेल तर माईक आत नेता येतो. बीटरच्या समोर, तो आदळतो त्या हेडपासून ५ ते ८ सेंटिमीटरवर ‘टक्’ सर्वांत ठळक मिळतो. तिथून मागे सरकवत किंवा कडेकडे वळवत नेला की टोक बोथट होते आणि ड्रमचा स्वर वाढतो. नेमका भोकाच्या मध्यावर ठेवणे टाळावे, कारण बाहेर पडणारा झोत थेट डायफ्रॅमवर आपटतो. थोडे आत, बाहेर किंवा तिरके ठेवल्यास त्रास कमी होतो. भोक नसेल तर माईक पुढच्या हेडसमोर १५ ते ३० सेंटिमीटरवर येतो. आवाज भरदार मिळतो, पण झांजा आणि स्नेअरही त्यात शिरतात. ड्रमपासून माईकवरून जाड घोंगडी टाकली की ही घुसखोरी बरीच आटोक्यात येते.

ड्रमच नीट वाजत नसेल तर कोणतीही जागा उपयोगाची नाही. हेडचा ताण आधी जुळवावा, घुमणे जास्त असेल तर आत उशी ठेवावी. १९६६ मध्ये बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’च्या ध्वनिमुद्रणावेळी जेफ एमेरिक या तरुण अभियंत्याने रिंगो स्टारच्या ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि माईक अगदी जवळ नेला. इतक्या जवळ माईक नेणे ईएमआयच्या स्टुडिओत नियमबाह्य होते. ड्रमचा तो घट्ट, जवळून येणारा आवाज पुढे रॉकमध्ये रुळला.

एक माईक आत, एक बाहेर ही जोडीही नेहमीची. दुसऱ्याच्या जागी काही जण स्पीकरचा वूफरच माईकसारखा जोडतात. यामाहा एनएस-१०चा वूफर त्यासाठी प्रसिद्ध आहे. तो जवळजवळ फक्त खालचे स्वर टिपतो, म्हणून एकटा पुरत नाही.

माईक अनेक झाले की फेजचा प्रश्न येतो. ध्वनी १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. ड्रमसेटवर टांगलेला माईक किकच्या माईकपेक्षा १.७ मीटर लांब असेल तर ध्वनी तिथे ५ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि १०० हर्ट्झच्या आसपासचे स्वर एकमेकांना खोडतात. बीटरच्या बाजूला लावलेल्या माईकचा संकेत तर पुढच्या माईकच्या उलटच असतो. दोन्ही माईक एकत्र ऐकत एकाची पोलॅरिटी उलटावी. ज्या स्थितीत खालचे स्वर भरीव लागतील ती ठेवावी, आणि दोन्हींतही आवाज पोकळ वाटला तर माईक थोडा सरकवून पुन्हा ऐकावे.